मशेरीबाईंचं फ्रेंच

आमच्या गल्लीत टँकरच्या पाण्याची रांग फ्रेंचमध्ये लागायची, असं सांगितलं की बाहेरगावचे लोक माझ्याकडे संशयानं बघतात. मी सोलापुरात एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचो. त्यामुळे मास्तर गोष्ट रचून सांगतोय, असं त्यांना वाटतं. पण रांग खरंच लागायची आणि फ्रेंचमध्येच लागायची. ती लावणाऱ्या बाई आमच्याच कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या आणि माझ्या घरासमोरच राहायच्या.

कॉलेजात त्यांना सगळे मॅडम म्हणत. गल्लीत मात्र त्या मशेरीबाई. त्या कुठल्याही बाईला हाक मारताना ‘मा शेरी’ म्हणायच्या. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘माझे लाडके’ की असंच काहीतरी. राहायला आल्या त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या म्हातारीला त्यांनी अशी हाक मारली, तर म्हातारीनं निमूटपणे कनवटीची डबी काढून चिमूटभर मशेरी त्यांच्या तळहातावर ठेवली. बाईंनी ती मोठ्या आदरानं घेतली, आभार मानले, आणि आता हिचं काय करायचं म्हणून मला विचारायला आल्या. तोवर म्हातारीनं गल्लीभर सांगितलं होतं, कॉलेजातली बाई दिसायला सोज्वळ आहे, पण मशेरी लावती.

बाई मूळच्या जवळच्याच वळसंग गावच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी. शिकायला पुण्याला गेल्या तेव्हा त्यांना जर्मन शिकायचं होतं, कारण कुणा नात्यातल्या माणसानं जर्मन शिकलं की कारखान्यात नोकरी लागते असं सांगितलेलं. पण जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती. शेजारच्या वर्गात पंखा होता आणि मागचा बाक रिकामा होता. बसल्या. तो फ्रेंचचा वर्ग निघाला. पुढं सगळं आयुष्य त्यात गेलं, आणि त्याबद्दल त्यांना कधी हळहळ वाटलेली मी पाहिली नाही. इरकली साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात इष्टलिंग आणि त्याच्या शेजारी एक शिट्टी, अशा त्या कॉलेजात यायच्या. शिट्टी कशाला, असं प्राचार्यांनी एकदा विचारलं होतं. लागली तर असावी, एवढंच त्या म्हणाल्या.

अकरावीची मुलं फ्रेंच घ्यायची ती मार्क पडतात म्हणून. माझ्या वर्गातले बाक ओस पडायचे आणि त्यांच्या वर्गात मुलं खिडकीत बसायची. मी एकदा स्टाफरूममध्ये थोडा कुरकुरलो. त्यावर त्या म्हणाल्या, “तुमचं मराठी त्यांना आधीच येतंय की सर. माझं कुणालाच येत नाही. मग गर्दी कुणाकडं व्हावी?” 

पाठ्यपुस्तकात पॅरिसचा नकाशा होता. त्यावरून रस्ता विचारायचा आणि सांगायचा, असा धडा. बाईंनी नकाशा मिटून ठेवला. त्यांची मुलं तोंडी परीक्षेत भैय्या चौकातून स्टेशनला कसं जायचं ते फ्रेंचमध्ये सांगायची, वाटेत कुठं खड्डा आहे तेही सांगायची. बाहेरून आलेले परीक्षक चक्रावून जायचे. एका पोरीनं विचारलं होतं, फ्रेंचमध्ये टेबल बाई का आणि पुस्तक बुवा का. बाई म्हणाल्या, “तुझ्या आत्याला कधी विचारलंस का, तू आत्या का म्हणून? आहे ती. नमस्कार करायचा आणि पुढं जायचं.”

फ्रान्सला त्या कधी गेल्या नाहीत. त्यांचा एक भाचा परदेशी असायचा, तो तिकीट काढून न्यायला तयार होता. बाईंनी नाही म्हटलं. “तिथं सगळ्यांनाच येतं,” त्या मला म्हणाल्या. “मी तिथं जाऊन काय करू?”

कॉलेज सुटलं की त्यांची दुसरी नोकरी सुरू व्हायची. तिला पगार नव्हता आणि कुणी नेमणूकही केलेली नव्हती. लोकांना मदत करायची, एवढंच तिचं स्वरूप. माणसानं मदत मागेपर्यंत थांबायचं म्हणजे फार उशीर झाला, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे त्या आधीच पोचायच्या. रक्तदान शिबिरात त्या रक्त देणाऱ्याचा दुसरा हात धरून बसायच्या आणि त्याचं लक्ष वळावं म्हणून फ्रेंच क्रियापदं म्हणायच्या. एक धट्टाकट्टा पैलवान त्यात घेरी येऊन पडला, ते रक्तामुळे की क्रियापदांमुळे हे कळलं नाही. एकदा मंगल कार्यालयात वाढप्यांची धांदल बघून त्यांनी पदर खोचला आणि दोन पंगती वाढल्या. शेवटच्या पंगतीला जेवायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला आमंत्रण असलेलं लग्न शेजारच्या कार्यालयात आहे. ज्यांच्याकडं चुकून वाढलं त्या मंडळींनी पुढं बारशाला त्यांना घरी येऊन आमंत्रण दिलं. ज्यांचं लग्न चुकलं ते मात्र बरेच दिवस बोलत नव्हते.

आमच्या गल्लीची रचना समजल्याशिवाय पाण्याची भानगड समजणार नाही. एका टोकाला तेलुगू बोलणारी विणकर मंडळी. मधे आम्ही मराठी आणि कानडी. दुसऱ्या टोकाला रिक्षावाले रफिकभाई आणि त्यांचे भाऊबंद, त्यांची बोली दखनी. एरवी सगळे एकमेकांच्या भाषा तोडक्यामोडक्या बोलायचे, सणाला ताटं जायची यायची. पण उन्हाळ्यात नळाला पाणी येईना झालं आणि टँकर सुरू झाला, की ज्याच्या भाषेत नंबर पुकारला त्याच्या लोकांना आधी पाणी मिळतं, असा संशय प्रत्येकाला येऊ लागला. तेलुगूत पुकारलं तर मधली माणसं खवळायची. मराठीत पुकारलं तर दोन्ही टोकं. एका उन्हाळ्यात घागरींनी मारामारी झाली आणि टँकरवाला अर्धं पाणी तसंच घेऊन निघून गेला.

पुढच्या खेपेला बाई शिट्टी वाजवत टँकरच्या पायरीवर चढल्या आणि त्यांनी जाहीर केलं, की इथून पुढं नंबर फ्रेंचमध्ये पुकारले जातील. ही भाषा गल्लीत कुणाच्याही बापाची नाही. सगळे सारखेच अडाणी. ज्याला आपला नंबर ओळखता येईल त्यानं पाणी भरावं.

लोकांना आधी ती थट्टा वाटली. पण बाईंनी खरोखरच ‘अं, द, त्र्वा’, म्हणजे एक, दोन, तीन, सुरू केलं, आणि पाणी हवं असणाऱ्याला शिकण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. आठाला फ्रेंचमध्ये ‘वीत’ म्हणतात. आठव्या नंबरच्या आजीनं हाताची बोटं ताणून विचारलं, म्हणजे मला वीतभरच देणार का. सत्तराला त्यांच्याकडं स्वतंत्र शब्दच नाही, ते ‘साठ-दहा’ म्हणतात. हे ऐकल्यावर रफिकभाईंना फ्रेंच लोकांची मनापासून काळजी वाटली. “हमारे यहाँ पानी की टंचाई है, बाई,” ते म्हणाले, “उनके यहाँ आकड्यों की है क्या?”

मारामारी थांबली. भांडायला शब्द लागतात, आणि फ्रेंचमधले ते शब्द बाईंनी शिकवले नव्हते.

या सगळ्याला एका माणसाचा कडवा विरोध होता. त्यांना गल्लीत मामा म्हणत. तेलुगू टोक जिथं संपतं तिथलं, बाईंच्या शेजारचं घर त्यांचं, माझ्या ओट्यासमोरच. टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर मागावर उभं राहून आता घरी बसलेले. तेलुगूत बोलायला लागले की ऐकत राहावं असा माणूस. मला त्यातलं निम्मंच कळायचं, तरी मी थांबायचो. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांचा दरबार भरायचा आणि तिथं ते बाईंची नक्कल करायचे. आपल्या नंबराला ते कधीही ओ द्यायचे नाहीत. मामींना पाठवायचे. मेलो तरी तो शब्द तोंडातून काढणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं.

त्या मामांना लकवा झाला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि बोलणं गेलं होतं. म्हणजे अक्कल शाबूत होती, सगळं कळत होतं, पण चप्पल मागायला जावं तर तोंडातून सायकल निघायचं. घरातली माणसं त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश, मोठ्यांदा बोलू लागली. शेजारचे लोक येऊन ‘मामा, मी कोण, ओळखा’ म्हणून परीक्षा घ्यायला लागले. एके दिवशी मामांनी भिंतीकडं तोंड केलं आणि बोलायचा प्रयत्नच सोडला. डॉक्टरांनी सराव करत राहायला सांगितलं होतं, पण सराव करायला माणसानं तोंड तर उघडायला हवं.

बाई गेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. मी सोबत होतो, कारण आता काय होणार याची मला धास्ती होती. बाईंनी स्टूल ओढलं, पाण्याचा पेला उचलला, मामांच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, “वेर.” मामांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मी असतो तर पेला खाली ठेवून निघालो असतो. बाईंनी मग मामींना हाताला धरून शेजारी बसवलं आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. मामी शाळेची पायरी न चढलेल्या. नवऱ्यासाठी काहीही करायची तयारी होती. पेला झाला, मग बाईंनी चमचा उचलला. चमच्याला फ्रेंचमध्ये ‘क्वियेर’ म्हणतात. मामींनी दोनदा तोंड वेडंवाकडं करून पाहिलं आणि शेवटी ठामपणे म्हणाल्या, “कैरी.”

मामांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, काही त्रास होतोय. ते हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, की हा खेळ करायचा विषय नाही. माणसाला त्याची स्वतःची भाषा परत मिळवायची आहे, तुम्ही तिसरंच काय शिकवताय. बाई चालता चालता थांबल्या.

“नोडरी सर,” त्या म्हणाल्या. बघा, असं सांगायचं असलं की त्यांच्या तोंडून आधी कन्नडच निघायचं. “तेलुगूत ते राजा होते. आता तेलुगूत तोंड उघडायची त्यांना लाज वाटती. फ्रेंचमध्ये मामीपण अडखळती, मुलगा अडखळतो, तुम्ही तर फारच अडखळता. तिथं त्यांना कसली लाज?”

मी डॉक्टरांना विचारून आलो. डॉक्टर म्हणाले, कुठल्याही भाषेत बोलू द्या, पण बोलू द्या.

मग रोज दुपारी कॉलेजातून आल्यावर बाई मामांकडं जायच्या. मामा एक अक्षर बोलायचे नाहीत, पण तोंड भिंतीकडून इकडं वळलं होतं आणि मामी चुकल्या की खांदे हलायचे. असं काही आठवडे चाललं असेल. तेवढ्यात तेलंगणातून त्यांचे पाहुणे आले. दारात मामींनी त्यांना नमस्काराऐवजी सवयीनं ‘बोंजूर’ म्हटलं. पाहुणे आधी दचकले आणि मग पोट धरधरून हसले. गावाकडं जाऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. मामांच्या थोरल्या मुलाला ते फार लागलं. तो कष्टाळू, मानी माणूस. स्वतःचा छोटा कारखाना चालवायचा. त्यानं बाईंना गाठून सांगितलं, “बापाला घरची भाषा येईना, आणि तुम्ही त्याचा तमाशा करताय. उद्यापासून आमच्या घरात पाऊल टाकू नका.”

बाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, पण त्याचं त्यांनी अक्षरशः ऐकलं. घरात पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या मामांच्या दारासमोर, माझ्या ओट्यावर बसू लागल्या. मामी दाराच्या उंबऱ्यावर. बाई इकडून मोठ्यांदा शब्द सांगायच्या, मामी तिकडून तांब्या नाहीतर उलथणं वर करून म्हणायच्या, आणि मामांची खाट आत खिडकीलगतच होती. दोन-चार दिवसांत भाजी निवडायला म्हणून इतर बायकाही येऊन बसू लागल्या. रफिकभाई दुपारी रिक्षा लावून सावलीत पडायचे, तेही पडल्या पडल्या म्हणायला लागले. भर वैशाखात, उन्हानं पत्रे तडतडत असताना, आमची अख्खी गल्ली स्वयंपाकघरातल्या भांड्यांची फ्रेंच नावं एका सुरात म्हणत होती. माझ्या घरात मी दार लावून उत्तरपत्रिका तपासायचा प्रयत्न करत होतो.

अशाच एका दुपारी मुलगा कारखान्यातून अचानक घरी आला. त्यानं हे दृश्य पाहिलं. मोटारसायकल तशीच टाकून तो दारात जाऊन उभा राहिला, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून, आणि तिथून बाईंना बोलायला लागला. प्राचार्यांकडं तक्रार करतो म्हणाला. आणखीही बरंच बोलला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाई ओट्यावरून उतरून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना गप्प उभं राहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

तेवढ्यात आतून, जोरात, खरखरीत आवाजात एक शब्द आला. “आंत्रे.”

भाजी निवडायचं सूप कुणाच्या तरी मांडीवरून घसरलं. मुलाचे हात चौकटीवरून खाली आले.

“आँत्रे,” बाई म्हणाल्या. “आत या, असं म्हणाले. फ्रेंच.” आणि त्या मुलाच्या शेजारून आत शिरल्या.

“फ्रेंच नाही,” मुलगा त्यांच्या मागं धावत म्हणाला, “आत ये रे म्हणाले. मला म्हणाले. मराठीत.”

मामी उंबऱ्यावर बसून रडत होत्या. त्यांच्या मते ते साफ तेलुगू होतं. ‘एंद्रा’, म्हणजे काय रे, काय चाललंय तुझं, असं बाप मुलाला रागावला होता. रफिकभाईंनी तोवर रिक्षातून उडी टाकली होती. ते शपथेवर सांगत होते, की मामा ‘अंदर’ म्हणाले, अंदर आओ म्हणाले, आणि ते दखनीतच म्हणाले. असा वाद घालत एकेक जण आत गेला. मीही गेलो. त्या लहानशा खोलीत गल्ली मावली. प्रत्येक जण मामांना आपापल्या भाषेत विनवत होता, की पुन्हा एकदा म्हणा. मामा घामानं डबडबले होते, चेहरा लाल झाला होता. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, डावा हात वर उचलला आणि पुन्हा म्हणाले, “आंत्रे.” हात वर गेलेला पाहून मामींना वाटलं, देवाचं नाव घेतायत. त्यांनी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले.

त्यानंतर मुलानं बाईंना अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः त्यांना बोलवायला आला, फक्त शेजाऱ्यांसमोर ते मराठीच होतं असं पुन्हा एकदा सांगून. मामांचं बोलणं पुढं हळूहळू परत आलं, सगळं नाही, पण कामापुरतं. तीन-चार भाषा मिसळलेलं. ते बाईंमुळे आलं की डॉक्टरांच्या औषधानं की आपसूक, हे मला सांगता येणार नाही, आणि डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. गल्लीत मात्र त्या एका शब्दावरून वर्षानुवर्षं वाद चालला. बाईंनी स्टाफरूममध्ये मला गंभीरपणे सांगितलं, की आपल्या सगळ्या नोकरीत तोंडी परीक्षेचं इतकं अचूक उत्तर एकाही विद्यार्थ्यानं दिलं नाही. उच्चारात थोडा फरक होता, पण तो त्यांनी माफ केला होता.

गेल्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या आणि वळसंगला भावाकडं राहायला गेल्या. तिथं त्यांनी काय सुरू केलंय हे मी अजून विचारलेलं नाही. निघायच्या दिवशी सामानाचा टेम्पो भरताना त्या स्वतःच हमालाला मदत करत होत्या आणि हमाल बिचारा कपाट वाचवत होता. निरोप द्यायला गल्ली जमली. निरोपाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंच्या लक्षात आलं, की ते शिकवायचं राहूनच गेलं. मग सगळ्यांनी ‘बोंजूर’च म्हटलं. त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या, शिट्टी वाजवली आणि टेम्पो निघाला.

लोक पांगले. मामा काठी टेकत माझ्या ओट्यावर येऊन बसले. मग टेम्पो वळला त्या कोपऱ्याकडं बघत शब्द शोधून शोधून म्हणाले, “सर. आता बाई गेली. सांगतो. त्या दिवशी लई उकडत होतं. लाइट येऊन गेली होती... गेली, मग आली. पंखा कुणी लावलाच न्हाय.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“पंखा लावा म्हणत होतो मी,” मामा म्हणाले. “तोंडातून निघालं भलतंच. हात वर करून दाखवला पण. तर तुमी सगळे आत आलात.”

मला हसू आवरेना. मामा हसले नाहीत. मी शांत होईपर्यंत ते थांबले.

“बाईला सांगू नका,” ते म्हणाले. मग काठीवर भार देऊन उठले, दोन पावलं गेले आणि मागं न वळता म्हणाले, “पण आलात ते बरं केलं.”